माथाड्याला एक मत, पदवीधराला दोन: विधान परिषद बंद करा

परळकर

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहं. विधानसभेत २८८ आमदार, त्यातले ३६ मुंबईचे. विधान परिषदेत ७८. ही परिषद बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक लोक खर्चावरून बोलतात, माझा मुद्दा मताचा आहे.

७८ ची फोड अशी: ३० जणांना आमदार निवडतात, २२ जणांना नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य वगैरे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. आता आमच्या चाळीत हे कसं लागू होतं ते बघा. मस्जिद बंदरला गोणी वाहणारा माथाडी विधानसभेला मत देतो आणि त्याचा हक्क तिथेच संपतो. शेजारच्या खोलीतला बी.कॉम. झालेला मुलगा विधानसभेला मत देतो आणि पदवीधर मतदारसंघात दुसरंही देतो. तोच माध्यमिक शाळेत तीन वर्षं शिकवत असेल तर शिक्षक मतदारसंघात तिसरं. एकाच जिन्यावर राहणारी माणसं, विधिमंडळ एकच, आणि मतं एक, दोन, तीन. घटना झाली तेव्हा शिकलेली माणसं मोजकी होती, त्यांचा सल्ला मिळावा हा विचार मी समजू शकतो. आज विधानसभेतच पदवीधर ढीगभर आहेत.

दादरच्या बाई

परळकर, मी माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणजे तुमच्या हिशेबातली तीन मतांची मीच. तरीही तुम्हाला विरोध करते.

विनाअनुदानित शाळेत माणसं वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवतात, मग २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्याने अनुदान मिळतं. पटसंख्या घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. विधानसभेच्या एका मतदारसंघात लाखांनी मतदार आणि त्यात शिक्षक किती? रस्ते, पाणी, झोपडपट्टी पुनर्वसन सोडून कोणता आमदार संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, निकष वाचत बसेल? तो वाचणारा आमदार आम्हाला परिषदेत मिळतो. त्याला तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी लावता येते आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

परळकर

बाई, तुमच्या प्रश्नांबद्दल दुमत नाही. पण मग सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेचा आमदार कुठे आहे? बेस्टच्या चालकाचा? माथाडींसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, परिषदेत त्यांच्यासाठी राखून ठेवलेली एकही जागा नसताना. आणि शिक्षकांमध्येसुद्धा भेद आहेच. घटनेच्या १७१ व्या कलमात ‘माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या’ संस्था असं आहे. पालिकेच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला अक्षरओळख करून देणारी बाई या मतदारसंघाच्या दृष्टीने शिक्षकच नाही.

मुलुंडचे काका

परिषदेनं काय दिलं हे विचारणाऱ्यांनी वि. स. पागे हे नाव विसरू नये. १९६० ते १९७८ ते परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. तासगाव तालुक्यात विसापूरला आधी प्रयोग, मग १९७२ च्या दुष्काळात कामं, मग १९७७ चा कायदा. मुंबईत पगारातून व्यवसाय कर कापला जातो ना, तो याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्या नोकरदारानं दुष्काळी गावच्या मजुराला काम द्यायचं, केवढा मोठा विचार होता तो! पुढे २००५ साली देशाचा कायदा करताना हाच अनुभव समोर होता. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर अशी माणसं याच सभागृहात बसली. महानोर तिथे शेती आणि पाण्यावर बोलले. मतदारसंघ सांभाळण्याचं ओझं डोक्यावर नसलेला माणूस दूरचं बघू शकतो. आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव? १९२३ साली कौन्सिलातच झाला, त्यावर पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला.

फोर्टातली वकील

काका, पागे साहेबांबद्दल पूर्ण सहमत. बोले ठरावाचं उदाहरण मात्र इथे लागू नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळ एकच सभागृह होतं. कौन्सिल हे नाव तेच, पण वरिष्ठ सभागृह आलं १९३७ मध्ये, १९३५ च्या कायद्यानं.

परळकरांनाही एक सांगते. परिषद कायदा अडवू शकत नाही. साधं विधेयक पहिल्या वेळी तीन महिने, विधानसभेनं पुन्हा पाठवलं तर एक महिना, बस्स. धन विधेयकाला चौदा दिवस. संसदेसारखी संयुक्त बैठकही नाही, शेवटचा शब्द विधानसभेचाच. म्हणजे मतांची विषमता आहे, पण तिच्या हाती सत्ता फारशी नाही. माझ्या मते त्या चार महिन्यांना किंमत आहे. रात्री उशिरा गोंधळात मंजूर झालेलं विधेयक दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाचतं. चुका तिथे सापडतात.

परळकर

सत्ता नसेल तर निवडून गेलेला माणूस मंत्री कसा होतो? मुख्यमंत्री कसा होतो? उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये शपथ घेतली आणि मे २०२० मध्ये बिनविरोध परिषदेवर गेले. पंकजा मुंडे जून २०२४ मध्ये बीडची लोकसभा हरल्या, जुलैत परिषदेवर आणि डिसेंबरात मंत्रिमंडळात. मी कुणा एका पक्षाला बोलत नाही, सगळ्यांना हे दार हवंय. मतदारानं एका दारानं नाकारलं की दुसऱ्या दारानं आत.

मानखुर्दहून

मला सगळ्यात जास्त राग आहे तो बारा जागांचा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान असलेली माणसं नेमायची असं घटना सांगते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं बारा नावं राज्यपालांकडे पाठवली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाजवी मुदतीत निर्णय व्हावा असं म्हटलं. तरी यादी पडूनच. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं ती परत घेतली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशी, सात जणांना शपथ दिली. चार वर्षं बारा खुर्च्या रिकाम्या आणि कुणाचं काही अडलं नाही! काका, कवी-शास्त्रज्ञांचं सभागृह म्हणता, त्या सातांत कवी किती होते?

दुसरं. या सभागृहात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा नाहीत. विधानसभेत ५४ आहेत. २०२३ ची महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तीही लोकसभा आणि विधानसभांसाठी. परिषद त्यातून बाहेर. आमच्या वस्तीतल्या बाईला पदवी नाही, आरक्षण नाही, मग ती तिथे पोचणार कुठून?

दादरच्या बाई

मानखुर्दच्या ताईंचं आरक्षणाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण दोष रचनेत असेल तर रचना बदला. जून २०२४ ला मी मतदानाला गेले. मतपत्रिका हातात, तिथेच ठेवलेला जांभळा स्केचपेन, नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. दुसऱ्या पेननं लिहिलं तर मत बाद. माझ्या पुढचे सर कितीतरी वेळ विचार करत उभे होते, दुसरी पसंती कुणाला द्यायची म्हणून. त्यांनी त्या उमेदवारांची पत्रकं वाचली होती, भेटी घेतल्या होत्या. हे मतदान नुसतं चिन्ह बघून होत नाही. आणि पदवीधरांची यादी दर वेळी कोऱ्या कागदावरून तयार होते. मुंबईत लाखो पदवीधर, पण मतदार नोंदणीचा अर्ज क्रमांक १८ भरतात थोडे. ती उदासीनता आपली आहे.

परळकर

बाई, कामगाराला अर्ज भरायचाही हक्क नाही, त्याला उदासीन कसं म्हणणार?

आणि नगरसेवकांच्या जागा घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई पालिकेतून दोन आमदार बिनविरोध गेले. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, मग तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. निवडणारे गेले, निवडलेले सभागृहातच राहिले. बाकीच्या बऱ्याच जिल्ह्यांत तर या जागा रिकाम्याच राहिल्या, कारण मत द्यायला सदस्यच नव्हते.

मुलुंडचे काका

म्हणून सभागृह मोडायचं? पालिकेच्या निवडणुका वेळेवर घ्या. तमिळनाडूनं १९८६ ला परिषद मोडली. आंध्रनं १९८५ ला मोडली, २००७ ला पुन्हा आणली, २०२० ला पुन्हा मोडायचा ठराव केला आणि २०२१ ला तो मागे घेतला. राजकीय रागातून घेतलेले निर्णय असेच असतात.

फोर्टातली वकील

बंद करायचीच असेल तर कलम १६९ आहे. विधानसभेत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांत दोन-तृतीयांश, मग संसदेचा कायदा. परळकर म्हणतात ते मागचं दार सगळ्यांच्या सोयीचं असेल, तर असा ठराव कोण आणणार?

पण १७१ चं दुसरं उपकलम वाचा. संसद कायद्यानं वेगळी तरतूद करीपर्यंतच ही रचना, असं त्यात लिहिलं आहे. साध्या कायद्यानं प्राथमिक शिक्षक, परिचारिका, माथाडी यांचे मतदारसंघ करता येतील. सत्तर वर्षांत ते झालं नाही.

परळकर

मग आधी ते होऊ द्या. माथाडी मंडळाची नोंदणी ही मतदार व्हायची पात्रता धरा, जशी पदवी धरता. तो कायदा झाला तर मी या मागणीवरून मागे येईन. तोवर माझं मत बंद करण्याच्याच बाजूनं.

मानखुर्दहून

आणि त्याच कायद्यात राखीव जागा. त्याशिवाय माझा पाठिंबा नाही.