जुन्या थारला लिफ्ट किट बसवावे का, आणि बसवायचे तर किती इंचांचे?

संत्राबागवाला :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2016 सालची थार सीआरडीई आहे, म्हणजे पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांडी) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली जुनी थार. घर नागपुरात काटोल रोडला आहे आणि आठवड्यातून दोनदा काटोल तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत जावे लागते. डांबरी रस्ता सोडल्यावर तीन किलोमीटरची पांदण आहे, सगळी काळ्या मातीची, आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी तिच्यात इतक्या खोल चाकोऱ्या पडतात की मधला वरंबा गाडीच्या पोटाला घासतो. गेल्या भाद्रपदात गाडी वरंब्यावर अशी टेकली की फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकूनही चाके जागच्या जागी चिखल उडवत राहिली आणि शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

शहरातल्या एका दुकानदाराने तीन इंचांचे लिफ्ट किट, म्हणजे गाडीची उंची वाढवणाऱ्या भागांचा संच, सुचवले आहे. त्यात पुढचे टॉर्शन बार पिळून गाडी उचलायची, मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि एक जादा पाटा टाकायचा, आणि चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब बसवायचे असे आहे. आंबिया बहाराच्या तोडीला मागे दहा-बारा कॅरेट असतात, एरवी गाडीत आम्ही दोघेच. ऑफिसलाही हीच गाडी नेतो. तीन इंच योग्य आहेत की दोन पुरेत, आणि किट निवडताना काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना जीपवाला :

भाऊ, इंच ठरवण्याआधी गाडी नेमकी कुठे टेकते ते पाहा. तुमच्या गाडीला मागे अखंड एक्सल आहे आणि तो थेट चाकांवर उभा असतो. त्यामुळे सस्पेन्शन कितीही उचलले तरी मागच्या डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधोमध असलेली, चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) जमिनीपासून सूतभरही वर जात नाही. वर जाते ती चासी आणि तिला लटकलेल्या वस्तू, म्हणजे गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, डिझेलची टाकी आणि पायदान. गोळा उचलायचा असेल तर मोठे टायर हा एकच मार्ग, आणि त्यातही व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. आपल्या 235/70 आर 16 टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर असतो. 245/75 आर 16 घातला तर तो 774 होतो, म्हणजे गोळा वर गेला जेमतेम 19 मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 63 ने पळेल, ते वेगळेच.

माझी पद्धत अगदी साधी आहे. कळीचा चुना दाटसर कालवून ब्रशने गोळ्याला, आडव्या पट्टीला आणि टाकीच्या कवचाला लावावा, वाळू द्यावा, मग एकदा सावकाश पांदण पार करून गाडीखाली झोपून पाहावे. चुना जिथला पुसला गेला तिथे तुमचे उत्तर आहे.

पाटे आणि बुश :

वरील सूचना योग्य आहे. मी पुढच्या बाजूविषयी लिहितो, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतला आहे.

टॉर्शन बारचा बोल्ट पिळला की सस्पेन्शन कडक होते, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. पिळल्याने तो बदलत नाही, फक्त आर्म खालच्या बाजूला झुकतात आणि गाडी वर येते. मात्र गाडी जेवढी वर येते तेवढीच चाकाची खाली लटकण्याची जागा कमी होते. मग लहानशा खड्ड्यातही आर्म खालच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि त्या धक्क्यालाच लोक कडकपणा समजतात. दुसरी अडचण ड्राइव्ह शाफ्टची, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याची. पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले असल्यामुळे गाडी उचलली की शाफ्ट तिरपे चालतात. माझ्या थारला एका ठिकाणी पुढून अडीच इंच उचलून घेतले होते. सात महिन्यांत डाव्या बाजूचे रबरी बूट (शाफ्टच्या जॉइंटवरचे ग्रीस भरलेले आवरण) घडीवर फाटले, चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस गोलाकार उडालेले दिसले, आणि मी ते वेळीच न पाहिल्याने आत माती जाऊन जॉइंटच बदलावा लागला. माझ्या मते पुढे एक ते सव्वा इंचापलीकडे जाऊ नये, आणि तेवढे केले तरी लगेच अलाइनमेंट करून घ्यावे, कारण कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बिघडतात.

मागे लांब शॅकलचा हिशेब असा की दोन इंच लांब शॅकल घातले तर गाडी एकच इंच उचलली जाते, आणि एक्सलचा कोन बदलल्याने प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) थरथरू लागण्याची शक्यता राहते. जादा पाटा मात्र वजनाचा विचार करूनच घ्यावा. बारा कॅरेट म्हणजे साधारण अडीचशे किलो, पण ते वर्षातले काही आठवडे. त्या ओझ्यासाठी कडक केलेल्या पाट्यांची किंमत उरलेले वर्षभर तुमची पाठ मोजेल. लांब शॉक घेतल्यास चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हे जॅक लावून स्वतः पाहावे.

आणि एक प्रश्न. गाडी इतकी जुनी आहे, तर पाटे मूळ उंचीवर आहेत का? बसलेले पाटे आहेत तसेच ठेवून वर लिफ्ट चढवणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे झाले.

कागदपत्रवाला :

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, म्हणून कायद्यापुरतेच लिहितो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तसेच स्पष्ट केले आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-क, पोटकलम 4 मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही याकडे बोट दाखवू शकतो, आणि हे टायरच्या मापालाही लागू आहे. झिजलेले भाग मूळ मापाचे नवे घालणे हा बदल नव्हे, ती दुरुस्ती आहे.

संत्राबागवाला :

सर्वांचे आभार. रविवारी चुन्याचा प्रयोग केला. मागच्या गोळ्यावरचा चुना सबंध पुसला गेला होता, आडव्या पट्टीवर डाव्या बाजूला ओरखडा होता, टाकी कोरी होती. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला, तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा 22 मिलिमीटर खाली निघाली. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकचे पाटे ठोकणाऱ्या एका कारागिराला दाखवले. त्याने चिखल खरवडल्यावर डाव्या बाजूचा तिसरा पाटा क्लिपेजवळ आडवा तुटलेला दिसला, आणि भेगेत गंज होता, म्हणजे तो आत्ताचा नव्हे. तीन इंचांचा विचार सोडला आहे. दोन्ही बाजूंचे मूळ मापाचे नवे पाटे आणि बुश (पाट्यांच्या टोकांतले रबरी नळकांडे) घालतो. पण गोळा घासतो त्याचे काय करावे?

जुना जीपवाला :

टायर त्याच मापाचे, पण चिखलाच्या नक्षीचे घ्या. आपल्या काळ्या मातीत साधी नक्षी दहा पावलांत भरून गुळगुळीत होते. पांदणीत शिरताना हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरीवर आल्यावर भरा, पंप गाडीतच असू द्या. चाकोरीत दोन्ही चाके घालू नका. एका बाजूचे चाक वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूचे कडेच्या गवतावर ठेवून चालवा, म्हणजे गोळा चाकोरीच्या मोकळ्या जागेवरून जातो. नाल्याच्या उतारावर मात्र हे जमणार नाही, तिथे मुरूमच टाकावा लागेल.