मदत हवी आहे: व्हिएतनामी विद्यार्थ्यांना मृत्यू आणि अंत्यविधीचे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

तगर
माहितगारांनी लवकर सांगा, शनिवारी तास आहे. 40 इंग्रजी शब्दांची यादी व्हिएतनामी अर्थांसह दिली. शब्द पाठ झाले, पण वाक्यं सगळी चुकतात. 'हि वॉज डाइड', 'शी डेड लास्ट नाइट', 'माय ग्रँडफादर लॉस्ट'. यादी वाढवू की बदलू?

दगडफूल
विद्यार्थी कोण? इंग्रजी कितपत येतं? व्हिएतनामच्या उत्तरेकडचे की दक्षिणेकडचे? परीक्षेसाठी हवंय की बोलण्यासाठी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

काजवा
यादीला हात लावू नका. व्हिएतनामीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. 'चेत' म्हणजे मरणे, मेला आणि मेलेलाही. भूतकाळासाठी आधी 'डा' हा सुटा शब्द येतो, तोही बरेचदा गाळतात. म्हणून डाय, डाइड, डेड, डेथ ही त्यांना एकाच शब्दाची रूपं वाटतात. फळ्यावर एकाच माणसाबद्दल चार वाक्यं लिहा: 'हि इज डाइंग', 'हि डाइड ऑन मंडे', 'हि इज डेड', 'हिज डेथ वॉज सडन'. पहिल्या वाक्यातला माणूस अजून जिवंत आहे, हे ठसवाच.

'ग्रँडफादर लॉस्ट' येतं ते 'मत' या शब्दातून. त्याचा अर्थ हरवणे, आणि सौम्य भाषेत वारणे, आपल्या 'गेले'सारखा. तिथे गेलेला माणूसच कर्ता असतो. इंग्रजीत कर्ता मागे राहिलेले: 'वी लॉस्ट हिम'.

पाणंद
व्याकरण नंतर, आधी उच्चार. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटचा 'त' तोंडातच अडतो, सुटत नाही. शेवटी 'ड' किंवा इंग्रजी 'थ' येतच नाही. त्यामुळे डेड, डेथ आणि कर्जाचा डेट तिन्ही सारखेच ऐकू येतात, आणि डाइडचं डाय होतं. वहीत बरोबर लिहिणाऱ्याचंही बोलणं चुकीचं वाटतं. 'थ'साठी जीभ दातांमध्ये आणून हवा सोडायला लावा. पुरणे हे 'बरी' नाही, 'बेरी'. हर्स म्हणजे शववाहिनी, हॉर्स म्हणजे घोडा. शोकाचं मॉर्निंग सकाळच्या मॉर्निंगसारखंच उच्चारतात, लिहिताना फक्त 'यू' जास्त.

काजवा
उच्चार सुधारायला महिने जातात, पाणंद. त्यांचा तास शनिवारी आहे.

शेवंती७
एवढं कशाला? 'एक्स्पायर्ड' शिकवा. सोपा आणि आदराचा शब्द, आपल्याकडे सगळे वापरतात.

दगडफूल
अजिबात नको. भारतात चालतो, बाहेर दूध आणि पासपोर्ट एक्स्पायर होतात. घरच्यांना तो ऐकायला फार वाईट वाटेल. तगर, माझे प्रश्न तसेच आहेत.

तगर
सांगायचं राहिलं. मेलबर्नला वृद्धाश्रमात काम करणाऱ्या नऊ जणी आहेत, सगळ्या सायगावकडच्या, म्हणजे दक्षिणेतल्या. नातेवाइकांशी बोलावं लागतं.

दगडफूल
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! मग यादी निम्मी करा. पॉलबेअरर (खांदेकरी), युलॉजी (श्रद्धांजलीचं भाषण), एपिटाफ (थडग्यावरचा लेख) काढून टाका. ठेवा ते पास्ड अवे, फ्युनरल डायरेक्टर, व्ह्यूइंग (अंत्यदर्शन), क्रिमेशन, ॲशेस, बिलाँगिंग्ज (मागे राहिलेल्या वस्तू). 'डिसीस्ड' (मृत व्यक्ती) फक्त कागदावर. नातेवाइकांसमोर 'द बॉडी' म्हणू नये, नाव घ्यावं. पास्ड अवे आणि पास्ड आउट शेजारी लिहून दाखवा. शुद्ध हरपलेल्या आजींना कुणी 'पास्ड अवे' म्हटलं तर केवढा गोंधळ होईल.

सर्वांत महत्त्वाचं वाक्य 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस'. यावर त्या अडखळतील, कारण त्यांच्या मनात सॉरी म्हणजे 'सिन लोइ', माफी. आपल्याच हातून काही चुकल्याची कबुली दिल्यासारखं वाटतं. त्यांचा सांत्वनाचा शब्द 'चिआ बुओन', म्हणजे दुःख वाटून घेणं. हे वाक्य त्या शब्दाशेजारी लिहा, 'सिन लोइ'शेजारी नको. आणि 'युअर लेट हसबंड'मध्ये कुणाला उशीर झालेला नाही, हेही सांगा.

मोगरी
अवांतर: त्यांचा 'यो' आपल्या वर्षश्राद्धासारखा असतो, चांद्र तिथीने, घरच्यांना जेवायला बोलावून. शब्दकोशात 'डेथ ॲनिव्हर्सरी' मिळेल, पण इंग्रजीत नुसतं ॲनिव्हर्सरी म्हटलं की लग्नाचा वाढदिवसच आठवतो. सुटीसाठी अर्ज करताना 'फॅमिली मेमोरियल डे' लिहावं.

पाणंद
उत्तरेत त्याला 'झो' म्हणतात. तिकडे साधारण तीन वर्षांनी अस्थी काढून, धुऊन, लहान मातीच्या पेटीत पुन्हा पुरायचीही रीत आहे. तिला 'एक्झ्यूमेशन' (पुरलेलं प्रेत उकरणं) म्हणू नये, पोलीस तपास वाटतो. 'सेकंड बेरियल' म्हणावं.

दगडफूल
विद्यार्थिनी सायगावकडच्या आहेत, पाणंद.

शेवंती७
व्हिएतनामी घरी समाचाराला गेलात तर पैशांचं पाकीट पांढरं न्या. लाल नवीन वर्षाला देतात.

तगर
धन्यवाद, पण त्याबद्दल विचारलं नव्हतं. आज 'पास्ड अवे' घेतलं, तर लगेच 'शी वॉज पास्ड अवे' आलं. तो 'वॉज' जातच नाही.

काजवा
तुमच्या यादीत 'वॉज बेरीड', 'वॉज क्रिमेटेड' आहे ना? तिथूनच तो चिकटतो. दोन रकाने करा. माणसाचं जे आपोआप होतं, ते डावीकडे: डाइड, पास्ड अवे. इथे वॉज नाही. त्याच्यासाठी इतरांनी जे केलं, ते उजवीकडे: वॉश्ड, ड्रेस्ड, बेरीड, क्रिमेटेड. इथे वॉज हवाच. त्यांच्याकडून प्रत्येक शब्दाला 'हे कुणी केलं?' विचारून घ्या. उत्तरात दुसरा माणूस आला की उजवा रकाना. डेड मात्र क्रियापदच नाही, त्याला तिसऱ्या रकान्यात 'इज'सोबत बसवा.