हेलसिंकीत कमी खर्चात काय काय पाहिलंत? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. जूनमध्ये माझे आईबाबा पहिल्यांदाच हेलसिंकीला येतायत, तीन आठवड्यांसाठी. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली, घर हिशोबातच चालवलं, त्यामुळे पंधरा युरोचं तिकीट म्हटलं की लगेच त्याचे रुपये करणार आणि "तुम्ही जाऊन या, मी इथंच बाकड्यावर बसतो" म्हणणार हे मला आत्तापासून दिसतंय. मला त्यांना बाकड्यावर बसवायचं नाहीये. म्हणून हा धागा. इथं राहणाऱ्यांनी, शिकायला आलेल्यांनी, चार दिवस फिरून गेलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा, फुकट किंवा थोडक्यात काय झालं आणि ते कसं वाटलं ते.

सुरुवात मी करते. सुओमेनलिन्ना. समुद्रातला किल्ला आहे, सहा-सात बेटं जोडून बांधलेला, १७४८ साली स्वीडनच्या राजवटीत काम सुरू झालं, १८०८ मध्ये रशियाकडे गेला, आणि १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथं जायला टूरची बोट लागत नाही! काउप्पातोरीच्या बाजारापासून जी फेरी सुटते तिला आपलं शहरातलं ट्राम-बसचं एबी झोनचं तिकीटच चालतं, पंधरा मिनिटात पलीकडे. किल्ल्यात शिरायला पैसे नाहीत, फक्त आतल्या म्युझियमना आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डब्यात दशम्या आणि चटणी होती, तटावर तोफेशेजारी गवतात बसून खाल्लं, समोरून स्टॉकहोमची ती अवाढव्य बोट इतकी जवळून गेली की डेकवरची माणसं हात करत होती. आठेकशे लोक अजूनही राहतात त्या बेटांवर, त्यांचे कपडे वाळत घातलेले दिसतात. मी रायगड-सिंधुदुर्ग पाहत मोठी झालेली मुलगी, मला जलदुर्गात कपडे वाळताना बघून फार बरं वाटलं, किल्ला जिवंत आहे असं.

*

ताई, तिकिटाचंच पुढे लिहिते कारण आम्हाला हे कळायला चार महिने लागले. बाबागाडीत सहा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर गाडी ढकलणाऱ्या एका माणसाला बस, ट्राम, मेट्रो फुकट. खरंच. मधल्या दारातून चढायचं, तिकीट नाही काही नाही. सातच्या आतल्या मुलांना तर तिकीटच नसतं. माझा लेक दीड वर्षांचा होता तेव्हा नवरा ऑफिसला गेला की मी आणि तो रोज एक ट्राम पकडायचो आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो. अनोळखी देशात एकटी, भाषा येत नाही, घरात बसले असते तर रडत बसले असते, त्या ट्रामनी मला सांभाळलं असं मी म्हणेन.

मुलांसाठी अजून दोन. एक म्हणजे सिटी म्युझियम, सिनेट स्क्वेअरला लागून, कायम फुकट, आणि त्यात मुलांचा वेगळा विभाग आहे जुनी शाळा, जुनं दुकान वगैरे, सगळ्याला हात लावू देतात. तो भाग ज्या घरात आहे ते १७५७ सालचं दगडी घर आहे, शहराच्या मध्यभागातली सगळ्यात जुनी इमारत. दुसरं, लिन्नानमाकी अम्युझमेंट पार्क, आत जायला पैसे नाहीत, लहानांच्या काही राइडही फुकट, मोठ्या राइडला तिकीट. १९५० पासून आहे आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी मिळून चालवलंय, नफा मुलांच्याच कामाला जातो.

आणि हे तर फार कमी लोकांना माहितीये, उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातल्या खेळायच्या बागांमधे दुपारी सोळा वर्षांखालच्या मुलांना गरम जेवण मिळतं, नगरपालिकेकडून, मोफत. १९४२ पासून, म्हणजे युद्धाच्या टंचाईत सुरू केलं ते बंदच केलं नाही. वाटी-चमचा आपला न्यायचा. गेल्या उन्हाळ्यात लेक वाटी घेऊन रांगेत उभा होता, पुढं फिनिश पोरं, मागं सोमाली पोरं, आणि वाढणाऱ्या बाईंनी सगळ्यांना सारखंच वाढलं. मी फोटो काढला नाही, बघतच राहिले.

*

हिवाळ्याचं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. मी ऑगस्टमध्ये आलो शिकायला, डिसेंबरमध्ये इथं दिवस सहा तासांपेक्षा लहान होतो, तीन वाजून गेले की अंधार. हाताशी पैसे नव्हते, रूमवर बसून डोकं फिरायची वेळ आलेली. तेव्हा ओडी लायब्ररीनं वाचवलं. ही स्टेशनच्या जवळ, पार्लमेंटच्या बरोबर समोर आहे, फिनलंडला स्वातंत्र्याची शंभर वर्षं झाली म्हणून देशानं स्वतःला दिलेली भेट, ५ डिसेंबर २०१८ ला उघडली. वरचा मजला पुस्तकांचा, पांढरं ढगासारखं छत, आत झाडं, आणि काचेतून बर्फ पडताना दिसतो. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, गाण्याचे स्टुडिओ, थ्रीडी प्रिंटर, बहुतेक सगळं फुकट किंवा मटेरियलचे किरकोळ पैसे. मी माझ्या फाटलेल्या जॅकेटची चेन तिथं बसून स्वतः बदलली, शेजारच्या आजींनी दोरा ओवून दिला, एक अक्षर न बोलता. पाहुणे म्हणून आलात तरी बिनधास्त जा, दारात कोणी कोण-कुठले विचारत नाही.

बाकी हिवाळ्यात स्केटिंग करा. वस्तीवस्तीतल्या मैदानांवर पाणी सोडून बर्फ करतात, तिथं पैसे नाहीत. स्केट्स किर्प्पुतोरीवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, मी दहा युरोला घेतले. जानेवारीच्या सुरुवातीला लक्स हेलसिंकी असतं, इमारतींवर दिव्यांचे खेळ, रस्त्यानं चालत बघायचं. समुद्र गोठला की लोक त्याच्यावर चालतात, तेही करा पण स्थानिक लोक चालतायत त्याच वाटेनं आणि एकट्यानं कधीच नाही.

*

मी कराडचा आहे. त्यामुळे मला एकच जागा सांगायचीय आणि ती कुठल्याही टूरच्या यादीत दिसली नाही मला.

१९५२ चं ऑलिंपिक हेलसिंकीत झालं. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं ते इथंच, २३ जुलै १९५२ ला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कुस्त्या स्टेडियममध्ये नव्हत्या, जवळच्या मेस्सुहल्ली नावाच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होत्या. तो हॉल अजून उभा आहे! आता त्याला टोलोन किसाहल्ली म्हणतात, लोक तिथं रोज बॅडमिंटन, बास्केटबॉल खेळायला येतात. मी मुद्दाम ऑफिस सुटल्यावर गेलो. बाहेरून साधी बिल्डिंग. आत एक काका घामेजलेले टॉवेल खांद्यावर टाकून जात होते, त्यांना मी सांगितलं की माझ्या तालुक्यातला माणूस इथं जिंकला होता सत्तर वर्षांपूर्वी, ते थांबले, नाव विचारलं, आणि दोनदा नीट म्हणून बघितलं, खा-शा-बा.

लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं, खाशाबांना पाठवायला गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे दिले. आणि मी त्या जागेवर ट्रामनं तीन-सव्वातीन युरोत गेलो. गळा भरून आला माझा, खोटं कशाला सांगू. तिथून चालत दोन-चार मिनिटांवर स्टेडियम, दारात फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी याचा धावणारा पुतळा. स्टेडियमचा मनोरा ७२.७१ मीटर उंच आहे, फिनलंडच्या माट्टी यार्विनेननं १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये सोन्यासाठी जेवढा भाला फेकला बरोबर तेवढा. वर जायला तिकीट लागतं, खालून बघायला नाही.

*

खाण्याचं मी सांगते. रात्री हॉटेलात जाऊ नका, दुपारी जा. सोमवार ते शुक्रवार साधारण अकरा ते दोन लोउनास म्हणजे लंचचा बुफे असतो, सॅलड, सूप, राय (rye) या धान्याचा ब्रेड, एक-दोन गरम पदार्थ, वर कॉफी, बहुतेक ठिकाणी बारा ते चौदा युरो. आम्ही पूर्ण शाकाहारी, तरी पोटभर होतं. युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये बाहेरचे लोकही जेवू शकतात. बाजारात कार्याळानपीराक्का मिळते, रायच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेली, गोड नाही बरं का, दोन खाल्ल्या की नाश्ता झाला. एकदा बंदरावर भर दुपारी भुकेपोटी कुठल्यातरी स्टॉलवर दर न विचारता तीन प्लेटी घेतल्या आणि पन्नास युरोच्या वर गेले, आठवडाभर मनाला लागून राहिलं. आधी पाटी वाचा.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. आणि घेतलीच बाटली तर टाकू नका, कुठल्याही सुपरमार्केटमधल्या मशीनला द्या, अर्ध्या लिटरच्या बाटलीचे २० सेंट, कॅनचे १५, मोठ्या बाटलीचे ४० परत मिळतात.

*

किआस्मा हे आधुनिक कलेचं म्युझियम महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फुकट असतं. मला सगळं समजलं असं नाही पण दोन तास छान गेले. रॉक चर्चला, म्हणजे खडकात कोरलेल्या चर्चला, आता तिकीट आहे, पूर्वीचे ब्लॉग वाचून जाऊ नका.

*

नूक्सिओ राहिलं की! शेजारच्या एस्पो शहरापर्यंत लोकल, तिथून २४५ नंबरची बस, एबीसी झोनच्या तिकिटात नॅशनल पार्क. जुलै अखेर ते ऑगस्ट जंगलात रानटी ब्लूबेरी पसरलेल्या असतात आणि इथला कायदाच असा आहे की जंगल कोणाचंही असो, बेरी आणि मशरूम कोणीही तोडून न्यावेत. माझी सासू आली होती, सत्तरीची, आजऱ्याकडची. ती खाली बसली ती उठेचना, पदराचा खोळ करून दोन किलो तोडल्या असतील. करवंदांसारखंच गं, पण काटा नाही, म्हणाली. जीभ आणि बोटं जांभळी, तो दिवस तिला अजून आठवतो, रॉक चर्च नाही आठवत. शेकोटीच्या जागांवर लाकडं ठेवलेली असतात, आम्ही मका भाजला. फक्त वणव्याची सूचना लागलेली असेल तेव्हा जाळ करायचा नाही.

*

सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसून घाम काढायचा, कोणी लिहिला नाही. सोंपासौना म्हणून लोकांनी स्वतः चालवलेला आहे, तिकीट नाही, नोकर नाही, लाकडं आपणच फोडायची, पाणी आपणच आणायचं, मग समुद्रात उडी. स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि बरेच जण कपड्यांशिवाय असतात हे आधी सांगतो, आईवडिलांना नेताना विचार करा. बसायला टॉवेल न्या.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. किसाहल्लीचं काल बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते गप्पच झाले, मग म्हणाले तिथं पहिल्या दिवशी जायचं. एक विचारायचंय, बाबांचा उजवा गुडघा दुखतो, सुओमेनलिन्नाच्या दगडी वाटा झेपतील का?

*

झेपतील, माझे वडील काठी घेऊन गेले होते. मुख्य धक्क्यावरून उतरलं की सुरुवातीला गोल दगडांचा रस्ता आहे तोच त्रास देतो, कडेनं चाला. दुसऱ्या टोकाच्या किंग्ज गेटपर्यंत चालायला नको असेल तर उन्हाळ्यात एक खाजगी वॉटरबस थेट तिथं थांबायची, तिचं तिकीट वेगळं, आम्ही जाताना तिनं गेलो आणि हळूहळू उताराकडे येत परतीला साधी फेरी घेतली. आणि छत्री नको, वाऱ्यात उलटते, टोपीचं जॅकेट द्या बाबांना.