एर्ना सुलबर्ग यांच्यावरचं टिपण: ‘वारा’ म्हणजे नगरसेविका नव्हे

नमस्कार मंडळी,
नॉर्वेच्या माजी पंतप्रधान एर्ना सुलबर्ग यांच्यावरच्या टिपणाच्या मसुद्यात ‘१९७९ मध्ये सुलबर्ग बेर्गेन शहराच्या नगरसेविका झाल्या’ असं वाक्य आहे. छपाईआधी कोणीतरी तपासाल का?

---

ताई,
तेवढं वाक्य बदला. १९७९ ला, अठराव्या वर्षी, त्या ‘वारा’ होत्या, म्हणजे बदली सदस्य. आपल्याकडे असं पदच नाही, म्हणून गोंधळ होतो. पक्षाला जितक्या जागा मिळतात तितके वारा, वर आणखी तीन. चार जागा असतील तर सात वारा. सदस्य आजारी पडला की त्याच पक्षाचा पहिला वारा बैठकीत बसतो, मतही देतो. जागा पक्षाची, त्यामुळे पोटनिवडणूक लागत नाही. १९८७ पासून त्या पुन्हा वारा होत्या आणि १९८९ मध्ये होर्दालान जिल्ह्यातून थेट स्टोर्टिंगवर, म्हणजे नॉर्वेच्या संसदेवर, निवडून गेल्या. तिथेही तेच: मंत्री झालं की खासदारकीचं काम वारा सांभाळतो. २००१ ते २००५ त्या स्थानिक शासन खात्याच्या मंत्री, २००४ मध्ये होयरे या पुराणमतवादी पक्षाच्या अध्यक्ष झाल्या आणि १६ ऑक्टोबर २०१३ ते १४ ऑक्टोबर २०२१ पंतप्रधान होत्या.

---

काका, ताई,
पदांच्या यादीपेक्षा त्यांच्या सरकारने केलेल्या कोमुनेंच्या, म्हणजे स्थानिक पालिकांच्या, विलीनीकरणाला जास्त जागा द्या. त्यांच्या कारकिर्दीचं खरं माप तिथे आहे. १ जानेवारी २०२० पर्यंत ४२८ कोमुनेंच्या ३५६ झाल्या, १९ जिल्ह्यांचे ११. कोमुनेंचं बहुतांशी टिकलं, कारण बऱ्याच ठिकाणी तिथल्या सभांनीच होकार दिला होता. जिल्ह्यांचं फिसकटलं. फिनमार्क आकाराने डेन्मार्कपेक्षा मोठा, वस्ती जेमतेम पाऊण लाख. तो ट्रोम्सला जोडायचं ठरलं तेव्हा २०१८ च्या तिथल्या सार्वमतात ८७ टक्के मतं विरोधात पडली. तरी जोडला. १ जानेवारी २०२४ ला ते दोन्ही वेगळे झाले, वेस्टफोल आणि टेलेमार्कही सुटले, विकेन या जोडलेल्या जिल्ह्याचे पुन्हा तीन जिल्हे झाले. आता जिल्हे १५. कोमुनेंमध्ये फक्त हारामने ओलेसुनपासून फारकत घेतली, म्हणून आकडा ३५७. मसुद्यात अजून ३५६ आहे, तो दुरुस्त करा.

आणि एक चौकट नक्की टाका: नॉर्वेचं नागरिकत्व नसलं तरी, मतदानाच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं तिथल्या लोकसंख्या नोंदवहीत नाव असेल आणि वयाची अट पूर्ण होत असेल, तर कोमुने आणि जिल्हा या दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. मतपत्रिकेवर आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे खूण केली तर ते वैयक्तिक मत मोजलं जातं. स्टोर्टिंगसाठी मात्र नागरिकत्वच लागतं.