परदेशात कार्डावर गैरव्यवहार: ‘तीन दिवस’ कसे मोजायचे?

देवगडकर
सर्व जाणकारांना नमस्कार. आंब्याचा हंगाम आटोपल्यावर आम्ही उभयता मुलाकडे मस्कतला गेलो होतो. ११ तारखेला, गुरुवारी रात्री, माझ्या क्रेडिट कार्डावरून युरोमध्ये दोन ऑनलाइन खरेद्या झाल्या. रक्कम ६२,४०० रुपये. कार्ड खिशातच होते आणि ओटीपी आलाच नाही. भारतातले सिम बंद असल्याने एसएमएस मिळाला नाही. ईमेल मात्र त्याच रात्री आला होता. तो मी मंगळवारी, १६ तारखेला दुपारी वाचला आणि तासाभरात फोन करून कार्ड बंद करून घेतले. गैरव्यवहार कळवण्याची तीन दिवसांची मुदत उलटून गेली, असे बँक म्हणते. शिवाय तिथल्या एका उपाहारगृहात वेटर कार्ड आत घेऊन गेला होता, हे मी सांगितल्यावर तो माझाच निष्काळजीपणा ठरवला गेला. ही रक्कम मलाच भरावी लागेल का?

निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी
देवगडकरसाहेब, घाबरून पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले तीन दिवस हे कामकाजाचे दिवस आहेत, तुमच्या शाखेच्या वेळापत्रकानुसार मोजायचे आणि सूचना मिळाली तो दिवस सोडून. गुरुवारचा ईमेल धरून अगदी कडक हिशेब केला, तरी शुक्रवार पहिला, १३ तारखेचा शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणून सुट्टी, पुढे रविवार, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. म्हणजे, मध्ये दुसरी सुट्टी नसली तरीही, तुम्ही मुदतीतच आहात. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात मुदतीत कळवणाऱ्या ग्राहकावर शून्य दायित्व येते, म्हणजे त्याला काहीच भरावे लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले असते, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी आले असते.

निष्काळजीपणा म्हणजे पिन, ओटीपी यांसारखी माहिती स्वतः दुसऱ्याला देणे. पैसे चुकते करण्यासाठी वेटरच्या हाती कार्ड देणे त्यात बसवता येईल, असे मला मुळीच वाटत नाही, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवरच असतो. ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती आपल्याकडची आहे. परदेशी संकेतस्थळे अनेकदा कार्डक्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच रक्कम वळती करून घेतात.

आजच लेखी तक्रार द्या. वरचा दिवसांचा हिशेब तसाच उतरवा, ईमेल आणि फोनची वेळ जोडा, तक्रार क्रमांक घ्या. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

दाभोळचा दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो. काकांना इतकेच सुचवतो की नव्या कार्डावर परदेशातला ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून बंदच ठेवावा, दुकानातला वापर तेवढा प्रवासापुरता चालू करावा आणि त्याचीही मर्यादा कमी ठेवावी. मी प्रत्येक बंदरात उतरण्याआधी हेच करतो. वेटरला यंत्र टेबलाशी आणायला सांगावे, नाहीतर आपण उठून गल्ल्यापाशी जावे.

देवगडकर
दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. सुट्टीचा शनिवार माझ्या ध्यानातच आला नव्हता. उद्या सकाळी शाखेत अर्ज देऊन पोच घेतो.