चेक-इन बॅगेला कुलूप, केबल टाय की प्लॅस्टिक रॅपिंग?

कृष्णाकाठ_सांगली

सासू-सासरे पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत. मुंबई–दोहा–डॅलस, दोन मोठ्या बॅगा प्रत्येकी. गेल्या वर्षी माझ्या दिराची बॅग घरी आल्यावर उघडली, तर आतलं घड्याळ आणि परफ्यूमचा खोका गायब. कुलूप मात्र जसंच्या तसं, झिपही बंद! एअरलाइनने 'तुम्ही विमानतळावर तक्रार केली नाही' म्हणून हात झटकले.

तेव्हापासून सासऱ्यांनी धसका घेतलाय. ते दुकानाच्या शटरचं पितळी कुलूप आणि नायलॉनची दोरी घेऊन बसलेत. सासूबाईंना पाटल्या आणि नातीसाठी केलेली सोन्याची साखळी बॅगेत 'कपड्यांच्या मधोमध' ठेवायची आहे. नवरा म्हणतो, विमानतळावर रॅपिंग करून टाकू. नक्की काय करावं? बाबांना तर कोणी बॅगेत काही टाकेल याचीही भीती वाटते.

घाटावरचा_पक्या

रॅपिंग करा, विषय संपला. मी नेहमी करतो, आजवर काही गेलं नाही.

बेल्टमागचा

पक्याशेठ, तुमचं काही गेलं नाही ते बरंच झालं, पण अमेरिकेच्या वाटेवर रॅपिंगचा भरवसा धरू नका. तपासणीत बॅग उघडायची ठरली की ते प्लॅस्टिक सरळ कापतात आणि परत गुंडाळून देत नाहीत. पावसात बॅग भिजू नये, ओरखडे पडू नयेत म्हणून ठीक आहे.

ताई, मी मुंबईच्या सहार विमानतळावर बॅगेज विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या दिराच्या बाबतीत काय झालं असेल ते सांगतो. नायलॉनच्या झिपमध्ये बॉलपेनचं टोक जोरात खुपसलं की दात फाकतात. हात घालून हवं ते काढायचं, मग लटकणाऱ्या कुलपासकट दोन्ही स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवायचे. दात परत जुळतात. कुलपाला कोणी हातही लावलेला नसतो.

म्हणून कुलूप किती जाड यापेक्षा स्लायडर जागेवरून हलतात का, हे बघा. ज्या बॅगेत स्लायडरच्या पट्ट्या बॅगेच्या अंगातल्याच कुलपात अडकतात ती चांगली. फाकवलेली झिप मग परत जुळवता येत नाही, उघडीच राहते, आणि तुम्हाला बेल्टवरच दिसते. जुनी बॅग असेल तर लटकणारं कुलूप बाजूच्या हँडलला केबल टायने घट्ट बांधून टाका, तोच परिणाम. झिपच नसलेली, कडेला धातूची चौकट आणि खटके असलेली कडक बॅग सगळ्यात उत्तम, पण जड असते आणि महागही.

सासऱ्यांचं पितळी कुलूप घरीच राहू द्या. अमेरिकेत २००३ पासून प्रत्येक चेक-इन बॅगेची तपासणी होते. टीएसएच्या, म्हणजे तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या माणसाला बॅग उघडायची असेल आणि त्याच्या किल्लीने कुलूप उघडलं नाही, तर तो ते तोडतो आणि भरपाईही मिळत नाही. जाताना निदान सुटाल, कारण डॅलसला बॅग हातात येईल. परतीच्या वेळी मात्र तिथूनच चेक-इन होणार. लाल चौकोनी खूण असलेलं टीएसए कुलूप घ्या. पण त्यालाही तिजोरी समजू नका. २०१४ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो छापला आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चालणाऱ्या किल्ल्या काढल्या. कोणालाही मिळतात आता.

मग कुलूप लावायचंच कशाला? लोडरला वेळ नसतो म्हणून. मोठ्या विमानाच्या बॅगा खाली सॉर्टिंगच्या जागी कंटेनरमध्ये भरल्या जातात, तिथे कॅमेरे असतात, सुपरवायझर असतो. लहान विमानात बॅगा सुट्या भरतात. एक जण होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, गुडघ्यांवर बसून त्या रचत असतो, आणि त्याच्यासोबत कोणी नसेल तर तिथे बघणारं कोणी नसतं. त्या काही मिनिटांत जी बॅग सहज उघडते तीच उघडली जाते. बहुतेक लोडर सरळ आहेत, पाठीचे मणके झिजवून घरी जातात, हेही लिहून ठेवतो. इथे फार पटकन सगळ्यांना चोर म्हटलं जातं.

आता पाटल्या. सासूबाईंना हात जोडून सांगा, सोनं, रोख, औषधं, कागदपत्रं, लॅपटॉप यातलं काहीही चेक-इनमध्ये नको. एअरलाइनच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं की अशा वस्तूंची जबाबदारी आमची नाही. पाटल्या हातात घालू देत, साखळी पर्समध्ये. 'कपड्यांच्या मधोमध' ही जागा चोरालाही पाठ असते, शिवाय एक्स-रेमध्ये धातू कपड्यांमागे लपत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

काका, खूप आभार. आई पर्समध्ये ठेवायला तयार झाल्या, पण तोंड जरा वाकडं करूनच. दोन प्रश्न. दिराला भरपाई मिळालीच नसती का? आणि बाबांच्या भीतीत काही तथ्य आहे का?

डॅलसची_वहिनी

भरपाईचं मी सांगते, हा उद्योग करून बसलेय. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारतही त्यात आहे. बॅगेच्या नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी करावी लागते. बॅग उशिरा आली तर २१ दिवस. डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळ पावणेदोन लाख रुपये, दराप्रमाणे कमी-जास्त. पण ही कमाल हं, तेवढे मिळतातच असं नाही. वस्तूंची बिलं मागतात, जुनी वस्तू असेल तर घसारा कापतात. म्हणजे दीर सात दिवसांत लेखी गेले असते तर निदान दाद मागता आली असती. तरी बेल्टपाशीच काउंटरवर जाऊन पीआयआर नावाचा, सामानाच्या तक्रारीचा रिपोर्ट घ्यायचा. बाहेर पडलात की 'चोरी घरी जाताना झाली नसेल कशावरून' असं विचारतात.

टीएसएने बॅग उघडली तर आत एक छापील चिठ्ठी ठेवतात. ती फेकू नका. त्यांच्याकडून काही गेलं किंवा मोडलं असेल तर दावा थेट त्यांच्याकडे करायचा, दोन वर्षांपर्यंत करता येतो. चिठ्ठी नसेल तर एअरलाइनच्या मागे लागायचं.

बेल्टमागचा

वहिनींनी नेमकं सांगितलं. त्यात माझी एक भर. चेक-इनच्या वेळी बॅगेच्या टॅगवर वजन छापलेलं असतं. त्या टॅगचा आणि बोर्डिंग पासला चिकटवलेल्या तुकड्याचा फोटो काढा. उतरल्यावर बॅग हलकी वाटली, तर तिथल्या काउंटरवर वजन करायला सांगा. दोन किलोचा फरक एअरलाइनच्याच कागदावर दिसला की पुढचं बोलणं सोपं होतं. बॅग भरताना आतल्या सामानाचा आणि बंद केल्यावर चारी बाजूंचा असे फोटो काढा. मी असतो तर नंबर छापलेले प्लॅस्टिकचे सील लावले असते, कुरिअरवाले वापरतात ते. नंबरचा फोटो काढायचा. साधा काळा टाय कोणीही बदलून दुसरा लावू शकतो.

सासऱ्यांची भीती वेडेपणाची नाही. मार्च २०२३ मध्ये ब्राझीलच्या दोन महिलांना फ्रँकफर्टला उतरताच अटक झाली, त्यांच्या नावाचे टॅग असलेल्या बॅगांमध्ये ४० किलो कोकेन निघालं. त्या ३८ दिवस कोठडीत होत्या. नंतर साओ पाउलोच्या विमानतळावरचं कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्या बॅगांचे टॅग काढून दुसऱ्याच बॅगांना लावले होते. म्हणजे त्यांच्या बॅगेत कोणी काही टाकलंच नव्हतं, त्यामुळे कुलपाचा काही उपयोगच नव्हता. अशा वेळी 'माझी बॅग ही, वजन एवढं' असं दाखवणारा फोटो हाताशी हवा. हे फार क्वचित होतं, पण बाबांना फोटो काढायचं काम द्या. दोरी गुंडाळण्यापेक्षा त्यात त्यांचा जीव रमेल.

घाटावरचा_पक्या

माघार घेतो. एअरटॅग टाकावा का?

बेल्टमागचा

जरूर. बॅग कुठे आहे ते कळतं, हरवलेल्या बॅगेला फार उपयोगी. आतलं घड्याळ गेलं तर ते सांगत नाही.

पण ताई, बॅग उघडली जाण्याचं आपल्याकडचं मोठं कारण चोरी नसतं, आपणच भरलेलं सामान असतं. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातल्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्याही चालत नाहीत! सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून बंदी आहे. पूजेचा कापूरही नाही, तोही ज्वालाग्राही. असं काही एक्स-रेमध्ये दिसलं की बॅग बाजूला काढतात, गेटवर नाव पुकारतात, आणि सासूबाई धावत खाली. बांधलेलं सगळं त्यांच्यासमोर सुटणार, मग घाईत कसंतरी परत बंद होणार.

कृष्णाकाठ_सांगली

अगं बाई, खोबऱ्याच्या वाट्या किलोभर भरून झाल्यात! काढते आजच. नंबरचे सील मिळाले, दहाचं पाकीट. पण डॅलसला आई ते कापणार कशाने? कात्री केबिनमध्ये नेऊ देतील का?

बेल्टमागचा

त्या भानगडीत पडू नका. छोटी कात्री चेक-इन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाका, त्या कप्प्याला सील लावू नका आणि तिथे दुसरं काही ठेवू नका. उरलेले सील परतीसाठी आतल्या कप्प्यात द्या. आणि सील कापायच्या आधी नंबर जुळवायचा, हे बाबांना सांगून ठेवा.

डॅलसची_वहिनी

खोबऱ्याची काळजी करू नका, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं. गोडा मसाला तेवढा पाठवा.