सेफ्टी शूजमुळे तळव्यांना खड्डे आणि वास, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका कारखान्यात आहे, बारा-बारा तास पायात सेफ्टी शूज. पावसाळा लागल्यापासून पायांना इतका वास मारतो की घरी आल्यावर बूट गॅलरीत आणि मी थेट मोरीत! टाचेवर आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत. पाय भिजला की कातडी पांढरी पडते आणि खड्डे जास्तच उठून दिसतात. खाज जवळपास नाहीच.

दुकानदाराने नायटा समजून दिलेलं मलम महिनाभर चोळलं, काडीचा फरक नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. हे बुरशीचं नसून जिवाणूंचं आहे, नाव पिटेड केराटोलिसिस. क्लिंडामायसिन १% जेल दोन वेळा लावायला दिलंय. दहा दिवसांत वास बराच कमी झाला, खड्डे मात्र आहेतच.

कुणाला हा त्रास झालाय का? खड्डे भरायला किती दिवस लागले? घाम कमी करायला रात्री अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन कुणी लावलंय का, झोंबतं का फार? आणि मुख्य म्हणजे, पावसाळ्यात बूट वाळवता तरी कसे? दुसरा जोड कंपनी देत नाही.